मदत हवी आहे: भाचीचं नैराश्य, वाढलेला सीआरपी आणि डॉक्टरांना न सांगितलेलं बालपण

नमस्कार मंडळी. भाची अकरावीत आहे, माझ्याकडेच राहते. लहानपणी घरात वडिलांची दारू आणि मारहाण. तिने पाहिलं आणि सोसलंही. आता नैराश्याचं निदान झालंय, फ्लुओक्सेटिन सुरू आहे. सारखी थकलेली असते, अंग दुखतं म्हणते, म्हणून फॅमिली डॉक्टरांनी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन, थायरॉइड ठीक, पण सीआरपी (शरीरात दाह म्हणजे इन्फ्लमेशन असल्याचं दाखवणारी रक्तातली खूण) वाढलेला. ताप नाही, खोकला नाही.

तेव्हापासून वाचतेय. न्यूझीलंडमधल्या डुनेडिन इथे १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारेक मुलांचा मोठेपणीही पाठपुरावा झाला. ज्यांचे लहानपणी हाल झाले, त्यांच्यात बत्तिसाव्या वर्षीही शरीरातला दाह जास्त आढळला. ब्रिटनमध्ये नवव्या वर्षी रक्तात इंटरल्युकिन-६ (दाहाशी संबंधित एक प्रथिन) जास्त असलेल्या मुलांत अठराव्या वर्षी नैराश्य अधिक दिसलं. म्हणजे पोरीचं अंग दुखणं हे 'नाटक' नाही, हे आता घरात ठणकावून सांगते. एका सीआरपीवरून काही सिद्ध होत नाही, वजनाने किंवा किडलेल्या दातानेही तो वाढतो, हेही कळतं.

नातेवाईक म्हणतात, दाह आहे ना, मग रोज ब्रुफेन दे. ते मी मुळीच देणार नाही. फ्लुओक्सेटिनसोबत ब्रुफेन घेतलं तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. कृपया इथेही कोणी सुचवू नका.

माझी खरी अडचण वेगळी आहे. मानसोपचारतज्ज्ञांना तिच्या लहानपणाबद्दल काहीच माहीत नाही. त्यांनी "घरी काही ताण?" एवढंच विचारलं, तेही ताईसमोर, म्हणजे तिच्या आईसमोर. ताई "नाही" म्हणाली, पोरगी खाली बघत बसली. नंतर मला म्हणाली, "मावशी, तू सांगू नकोस हं." ताईचं म्हणणं, जुनं उकरून काढू नकोस. पण असं बालपण गेलेल्यांत नैराश्य जास्त रेंगाळतं, पुन्हा उलटतं आणि उपचारांना कमी दाद देतं, असं अभ्यासांत दिसलंय. हे डॉक्टरांना कळायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं. तिचा विश्वास मोडून मात्र नाही. सगळ्या नात्यांत तेवढाच एक तिच्याकडे शाबूत आहे.

कोणी मुलाला स्वतःहून डॉक्टरांशी बोलायला तयार केलंय का? डॉक्टरांना आधी फोन करून "तिला एकटीला भेटा, तिच्या कलाने विचारा" एवढंच सांगितलं तर चालेल का? आणि किशोरवयीन मुलांसोबत ट्रॉमावर काम करणारे, मराठीतून ऑनलाइन बोलणारे समुपदेशक कसे शोधलेत?