सुहार्तोनंतरचा इंडोनेशिया: धर्माच्या राजकारणाला आवर कोणी घातला?

रानवाट:
परवा गप्पांत कुणीतरी म्हणालं, ‘सुहार्तोसारखा कडक हुकूमशहा ३२ वर्षं सत्तेवर बसला, म्हणून इंडोनेशिया धर्मराज्य झाला नाही.’ मला हे मुळीच पटत नाही, म्हणून हा धागा.

जून १९४५ मध्ये घटनेच्या प्रस्तावनेच्या मसुद्यात सात शब्द होते: मुसलमानांवर शरियत पाळण्याचं बंधन. हीच ती ‘जकार्ता सनद’. पूर्वेकडच्या बेटांवरचे ख्रिस्ती फुटून निघतील म्हणून स्वातंत्र्यलढ्यातले नेते हात्ता यांनी मुस्लिम पुढाऱ्यांची समजूत घातली आणि १८ ऑगस्टला, स्वातंत्र्याच्या दुसऱ्याच दिवशी, ते शब्द वगळले गेले. राहिली ती पंचसिला, म्हणजे त्यांची पाच तत्त्वं. त्यातलं पहिलं एकमेव ईश्वरावरची श्रद्धा.

सुहार्तोने १९८५ मध्ये कायदाच केला की प्रत्येक पक्षाचा आणि संघटनेचा पाया पंचसिलाच असला पाहिजे. त्याने वाद मिटला नाही, नुसता दाबला गेला. २१ मे १९९८ ला तो पायउतार झाला, पुढच्या वर्षी ४८ पक्षांनी निवडणूक लढवली आणि सात शब्दांची मागणी पुन्हा उघडपणे आली. ऑगस्ट २००२ मध्ये घटना बदलण्याचा अधिकार असलेल्या लोकसल्लागार सभेने ते शब्द न घालता धर्माचं कलम २९ जसंच्या तसं ठेवलं. नहदलतुल उलमा आणि मुहम्मदिया ह्या सर्वात मोठ्या मुस्लिम संघटनांनाही बदल नको होता. तेव्हा कुणाचा धाक होता त्यांना?

घाटमाथा:
सहमत नाही. एक तर त्या सभेत सैन्य-पोलिसांच्या ३८ राखीव जागा होत्या. दुसरं, घटना शाबूत राहिली म्हणून माणसं सुरक्षित राहिली का? जकार्ताचे गव्हर्नर अहोक चिनी वंशाचे ख्रिस्ती. सप्टेंबर २०१६ मधल्या एका भाषणात त्यांनी कुराणातल्या आयतीचा उल्लेख केला. २ डिसेंबरला लाखोंचा जमाव रस्त्यावर. एप्रिलमध्ये ते निवडणूक हरले आणि ९ मे २०१७ ला धर्मनिंदेबद्दल दोन वर्षांची कैद झाली. सरकारी वकिलांनी एवढी शिक्षा मागितलीसुद्धा नव्हती! हे सगळं लोकशाहीतच घडलं.

रानवाट:
३८ जागा सातशेच्या आसपास सभासदांत, त्यावर निकाल फिरत नाही. आणि अहोकना ज्या धर्मनिंदा कायद्याखाली आत टाकलं तो १९६५ चा, पहिले राष्ट्राध्यक्ष सुकार्नो यांच्या ‘मार्गदर्शित लोकशाही’तला, म्हणजे एकाधिकारशाहीच्याच काळातला. उलट चिनी रीतिरिवाज उघडपणे पाळण्यावर १९६७ पासून असलेली बंदी २००० मध्ये उठवली ती राष्ट्राध्यक्ष गुस दूर यांनी. नहदलतुल उलमाचे पंधरा वर्षं अध्यक्ष राहिलेला हा माणूस. धार्मिक नेता आणि लोकशाहीवादी एकाच देहात असू शकतात, हे मला त्यांच्याकडे पाहून कळलं.

घाटमाथा:
कायदा जुना हे मान्य. पण एप्रिल २०१० मध्ये तो वैध ठरवला तो लोकशाहीतल्याच घटना न्यायालयाने, आठ विरुद्ध एक. जुन्या राजवटीवर किती दिवस ढकलणार?

सांजदिवा:
तुम्ही दोघेही फक्त जमावाकडे बघताय. सरकारकडे बघा. अहोक प्रकरणानंतर जुलै २०१७ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो यांच्या सरकारने अध्यादेश काढला: संघटनेवर बंदी घालायला आधी न्यायालयात जायची गरज नाही. लगेच खिलाफत मागणाऱ्या हिज्बुत तहरीरवर बंदी आली. डिसेंबर २०२० मध्ये इस्लाम रक्षक आघाडी ह्या कट्टर संघटनेवर. मला ह्या दोन्ही संघटनांबद्दल काडीचं प्रेम नाही. पण कारण दिलं पंचसिलाच्या रक्षणाचं, आणि १९८५ मध्येही नेमकं हेच कारण होतं. शिवाय मुस्लिम धर्मपंडितांच्या उलेमा परिषदेच्या ज्या अध्यक्षांनी अहोकविरुद्ध धार्मिक अभिप्राय दिला, तेच मारूफ अमीन २०१९ मध्ये विडोडोंचे उपराष्ट्राध्यक्ष झाले. राष्ट्रवादी एका बाजूला आणि धर्मवाले दुसऱ्या बाजूला, अशी मांडणी तिथे लागूच होत नाही.

आता राष्ट्राध्यक्ष आहेत प्राबोवो, सुहार्तोचे एकेकाळचे जावई. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांनी सुहार्तोला ‘राष्ट्रवीर’ केलं, आणि त्याच यादीत गुस दूरही. हे वाचून मला फार वाईट वाटलं.

रानवाट:
सांजदिवा, अध्यादेशाचा मुद्दा मी धाग्यात आणायला हवा होता. चूक मान्य. तरी २००२ चं महत्त्व मी कमी मानणार नाही. तो निर्णय उघड चर्चेतून आला.

घाटमाथा:
मग अहमदिया ह्या अल्पसंख्य पंथाचं सांगा. २००८ मध्ये त्यांच्या प्रचारावर बंदी आणणारा आदेश निवडून आलेल्या सरकारच्या मंत्र्यांनी काढला. फेब्रुवारी २०११ मध्ये जावा बेटावरच्या चिकेउसिकला जमावाने तीन अहमदी मारले. त्यांना २००२ च्या त्या चर्चेतून काय मिळालं?