विली-ब्रांट-प्लात्सच्या खांबावरचा माणूस कोण?

नवा_फ्रँकफर्टकर

नमस्कार मंडळी. जुलैपासून नोकरीनिमित्त फ्रँकफर्टला आहे. रोज विली-ब्रांट-प्लात्सला यू-बान बदलतो. तिथल्या फलाटावरच्या खांबांवर आइन्ट्राख्ट फुटबॉल क्लबच्या जुन्या खेळाडूंची मोठाली चित्रं आहेत. माझा डबा थांबतो तो नेमका ज्याच्यासमोर, त्याचं नाव कार्ल-हाइन्झ कोर्बेल. ऑफिसात एकाला विचारलं, तर तो म्हणाला, "चार्ली! सहाशे दोन!" आणि कॉफी घ्यायला निघून गेला. दुसऱ्याला विचारलं, तोही "सहाशे दोन". पिनकोड सांगावा तसं.

मी २००६ च्या वर्ल्डकपपासून फुटबॉल बघतोय, पण हे नाव कधी ऐकलेलं नाही. शोधलं तर कळलं की डिफेंडर होता आणि जर्मनीकडून फक्त ६ सामने खेळला. मग त्याला आख्खा खांब कशाला? कुणी जुनं जाणतं माणूस सांगेल का?

मुलुंड_ते_हेक्स्ट

जुनं आहे, जाणतं की काय ते तुम्ही ठरवा. १९८४ च्या ऑक्टोबरात मुलुंडच्या कारखान्यातून इथे हेक्स्टला आलो, दोन वर्षांसाठी. ती दोन वर्षं अजून संपायची आहेत.

६०२ म्हणजे बुंडेसलीगातले, जर्मनीच्या सगळ्यात वरच्या लीगमधले, त्याचे सामने. आजवर कुणीही त्याच्या पुढे गेलेलं नाही. ऑलिव्हर कान ५५७ वर थांबला, आणि तो तर गोलकीपर. शिवाय चार्लीचे सगळेच्या सगळे ६०२ एकाच क्लबासाठी. आता जरा पाटीवर हिशोब मांडा. १९७२-७३ ते १९९०-९१ हे १९ हंगाम, दर हंगामाला ३४ सामने, झाले ६४६. त्यातून ६०२ वजा केले की उरतात ४४. पहिल्या हंगामात तो यायच्या आधी जे सामने होऊन गेले तेही ह्या ४४ मध्येच. एकोणीस वर्षांत एवढेच खाडे! मी कारखान्यात हजेरीपट बघणारा माणूस, मला विचारा ह्याची किंमत.

मूळचा हायडेलबर्गजवळच्या डॉसेनहाइमचा. १४ ऑक्टोबर १९७२ ला पहिला सामना, तोही बायर्न म्युनिकविरुद्ध. वय १७. प्रशिक्षक एरिश रिबेकने त्याला काम काय दिलं, तर गेर्ड म्युलरला धर. आधीच्या हंगामात ४० गोल केलेला म्युलर! शाळेच्या वयाच्या पोराला पहिल्याच दिवशी पिसाळलेला बैल धरायला पाठवावं, त्यातला प्रकार. आइन्ट्राख्टने सामना २-१ जिंकला आणि पोरगं संघात राहिलं ते राहिलंच.

मी त्याला पाहिलं ते पुढे, तिशीत. माझा फोरमन बोर्नहाइमचा, हाडाचा आइन्ट्राख्टवाला. पहिल्यांदा वाल्डस्टाडियनला घेऊन गेला तेव्हा म्हणाला, "वीस मिनिटं चेंडूकडे बघू नकोस. चार्लीकडे बघ." तेव्हा मैदान आणि प्रेक्षक यांच्यामध्ये धावपट्टी होती, चेंडू असाही वाटाण्याएवढाच दिसायचा. मग बघत बसलो. समोरचा स्ट्रायकर बुटाची नाडी बांधायला खाली बसला, तर हा हातभर अंतरावर उभा. तो उठून चेंडू घ्यायला मागे सरकला, की ह्याचा डावा तळवा त्याच्या कमरेला. ढकलायचं नाही, नुसता ठेवायचा. अंधारात भिंत चाचपावी तसा. आणि मान मात्र उलटीकडे, चेंडू कुठून येतोय तिकडे. स्ट्रायकर वळण्याच्या अर्धा क्षण आधी ह्याचा पाय पुढे आणि चेंडू सरळ बाहेर, थ्रो-इनला. टाळ्या नाहीत, काही नाही. मोजे वर ओढत हा परत जागेवर. त्या दिवशी चार्लीने केलेलं एकही देखणं काम मला आठवत नाही. त्या स्ट्रायकरचंही आठवत नाही म्हणा.

तरी नुसता अडवणारा होता असं समजू नका. लीगमध्ये ४५ गोल आहेत त्याचे. १९७५ च्या जर्मन कपच्या फायनलला डुइसबुर्गविरुद्ध एकच गोल झाला, तो ह्याचा. कप त्याने चार वेळा जिंकला: १९७४, ७५, ८१ आणि ८८. ह्या चारही वेळा संघात असलेला हा एकटाच. पहिल्या कपाला बरोबर ग्राबोव्स्की आणि होल्झेनबाइन होते, चौथ्याला हंगेरीचा देतारी. बर्लिनच्या त्या फायनलला नऊएक मिनिटं उरली असताना देतारीने फ्री-किकवर गोल मारला. बोखुमविरुद्ध. मी रेडिओवर ऐकत होतो, बायकोने कुकर बंद करायला सांगितला होता, डाळ पार जळली.

१९८० चा युएफा कप, म्हणजे युरोपभरच्या क्लबांची स्पर्धा, मी यायच्या आधीचा. पण फोरमनकडून इतक्यांदा ऐकलाय की पाहिल्यासारखाच. सेमीफायनलचे चारही संघ जर्मन. तिथे बायर्नकडून पहिल्या सामन्यात ०-२ हरून घरी ५-१ ने उलटवलं. मग फायनलला ग्लाडबाख. तिकडे ३-२ ने हरले आणि इकडे बदली आलेल्या फ्रेड शाउबच्या एका गोलवर १-० जिंकले. दोन्ही मिळून ३-३, पण तेव्हा बरोबरी झाली की परक्या मैदानावर जास्त गोल मारणारा जिंकायचा, तिकडचे दोन गोल कामी आले.

लीगचं विजेतेपद मात्र १९ वर्षांत एकदाही नाही. उलट दोनदा खालच्या लीगमध्ये घसरता घसरता वाचले, १९८४ ला आणि १९८९ ला. ८९ ला सारब्रुकनशी प्ले-ऑफ खेळावा लागला. घरचा सामना २-० जिंकला, तो मी मैदानात पाहिला. तिकडे १-२ हरले. एका गोलने वाचले! कपाच्या रात्री सगळेच क्लबचे असतात हो. ह्या अशा संध्याकाळी पस्तिशीला आलेला माणूस तिथेच उभा होता, म्हणून त्याला इथे "ट्रॉयर चार्ली" म्हणतात. एकनिष्ठ चार्ली. हा आहे तुमचा खांब.

मंगळवारपेठ_१०

काका, लिवलंय झकास. पण नवा भाऊ म्हणतोय त्यात पॉइंट हाय. एवढा तगडा गडी, तर नॅशनलला ६ च म्यॅच का? आमच्या कोल्हापुरात एक हंगाम ह्या पेठेतनं, पुढचा त्या पेठेतनं खेळणारी पोरं हायत, त्यांना हे दाखवावं म्हणतोय. पण ती पहिलं हेच इचारणार.

मुलुंड_ते_हेक्स्ट

विचारू द्या की. त्याचा जर्मनीकडून पहिला सामना १९७४ च्या शेवटी, म्हणजे जर्मनी जगज्जेती झाल्यावर काही महिन्यांनी. तेव्हा मागे कोण होतं बघा: फोग्ट्स, श्वार्त्सनबेक, बेकनबाउअर. ह्यातल्या कुणाला उठवून चार्लीला बसवणार? वर्षभरात त्याचं सगळं आटोपलं. ही मंडळी गेली तोवर पुढची पिढी दारात उभी होती, फोर्स्टर बंधू वगैरे. चुकीच्या वर्षी जन्माला आला असं म्हणा हवं तर.

इसारकाठची

काकांना मध्येच थांबवते, कारण माझ्या माणसाचं नाव निघालं! म्युनिकला राहते, तेव्हा श्वार्त्सनबेकबद्दल बोलणं भाग आहे. तोही एका क्लबाचाच. लीगमध्ये ४१६ सामने, सगळे बायर्नकडून. जर्मनीकडून ४४, त्यात १९७२ चा युरो आणि ७४ चा वर्ल्डकप. त्याला "कायझरचा सफाईवाला" म्हणायचे. कायझर म्हणजे बेकनबाउअर. तो चेंडू घेऊन डौलात पुढे निघाला की मागचं सगळं ह्याने निस्तरायचं.

१९७४ च्या युरोपियन कपची फायनल, ब्रुसेल्स, समोर अ‍ॅटलेटिको माद्रिद. जादा वेळेत लुइस आरागोनेसने फ्री-किकवर गोल मारला, बायर्न ०-१ मागे. १२० वं मिनिट. पुढे काय करायचं कुणाला सुचेना, तेव्हा हा सफाईवाला चेंडू घेऊन पुढे आला आणि लांबून सरळ ठोकला. १-१. दोन दिवसांनी सामना पुन्हा झाला, तो बायर्नने ४-० जिंकला. पुढची दोन वर्षंही कप त्यांचाच.

आणि निवृत्तीनंतर काय केलं? आत्यांचं की मावश्यांचं (जर्मनमध्ये सगळ्याच टांटे!) स्टेशनरीचं दुकान होतं आउ भागात, ओलम्युलरश्ट्रासेवर, ते चालवायला घेतलं. वह्या, पेनं, वर्तमानपत्रं. बायर्नच्या ऑफिसला लागणारं सामानही तोच पुरवायचा. आमच्या घरमालकीणबाई मुलांची शाळेची दप्तरसामग्री तिथूनच घ्यायच्या. त्या सांगतात, वर्ल्डकप जिंकलेला माणूस खोडरबर कागदाच्या पुडीत बांधून द्यायचा.

मुलुंड_ते_हेक्स्ट

बाई, श्वार्त्सनबेकला माझाही नमस्कार. खोडरबराची पुडी आवडली. पण जिथे रोज पंक्ती उठताहेत तिथे पानावर बसून राहायला काय कष्ट? आमच्याकडे कधी कधी पानात नुसतं मीठ असायचं.

इसारकाठची

हेच ऐकायचं होतं मला, फ्रँकफर्टची जळजळ. 😄

नवा_फ्रँकफर्टकर

काका, खूप आभार. आता रोज त्याच्यासमोर उभं राहताना जरा सावरून उभा राहीन. एकच राहिलं. ६०२ च का? हिशोबाने अजून एखादा तरी होऊ शकला असता, नाही?

मुलुंड_ते_हेक्स्ट

तुम्ही बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. ६०३ वा व्हायचाच होता.

१९९१ चा जून. हा शेवटचा हंगाम हे सगळ्यांना माहीत. शेवटून दुसरा सामना सेंट पाउलीशी. त्यात चार्लीला पिवळं कार्ड मिळालं. हंगामातलं चौथं, आणि तेव्हाच्या नियमाने चौथ्या पिवळ्याला पुढच्या सामन्याची बंदी. पुढचा सामना म्हणजे निरोपाचा! १९ वर्षं फारसा खाडा न केलेला माणूस स्वतःच्या सेंड-ऑफला गैरहजर. फोरमन दोन दिवस कुणाशी बोलला नाही. सोमवारी डबा उघडून नुसता बसला होता. मी माझ्यातली चटणी-पोळी पुढे केली तर म्हणाला, "एवढी पिवळी नको."

नंतर तो आइन्ट्राख्टचा प्रशिक्षक झाला, ते दिवस काही बरे नव्हते. १९९६ ला क्लब पहिल्यांदा बुंडेसलीगातून खाली गेला, त्या हंगामात बराच काळ चार्लीच प्रशिक्षक होता. वसंतात त्याला काढलं. इथली जुनी माणसं ही गोष्ट चटकन उरकतात, मीही उरकतो. पुढे क्लबाच्या मुलांच्या फुटबॉल शाळेचं काम त्याने हाती घेतलं. आमच्या इमारतीतला एक मुलगा सुट्टीत तिथे जायचा, आठ वर्षांचा. त्याला विचारलं, काय शिकवलं रे? म्हणे, पाठ वळवायची नाही.

नवा_फ्रँकफर्टकर

काका, आता एक सामना बघायलाच हवा. तिकिटं कशी मिळतात? सगळी "संपली" दाखवतंय.

मुलुंड_ते_हेक्स्ट

आधी क्लबचे सभासद व्हा, त्याशिवाय हाती काही लागायचं नाही. मग दर सामन्याला नेटाने बघत राहा, कुणीतरी आयत्या वेळी आपलं तिकीट परत टाकतं. गेलात तर एस-बानने "स्टाडियन"ला उतरा, तिथून झाडीतून चालत दहा मिनिटं. थंडीत दोन जोड मोजे घाला. स्टेडियमचं आता बँकेचं नाव झालंय, पण तुम्ही वाल्डस्टाडियनच म्हणा, नाहीतर ट्राममधल्या आजी रागावतात.

मंगळवारपेठ_१०

काका, तो हिशोब पोरांना फळ्यावर लिवून दाखवला. ६४६ वजा ६०२. एक जण म्हणतोय, "सर, त्याला कधी ताप न्हाई आला व्हय?"

मुलुंड_ते_हेक्स्ट

आला असेल की. ४४ दिवस दिलेत ना त्याला.