मदत हवी आहे: 'विहीर'ची सबटायटल्स जुळवायची आहेत

दिग्दर्शक उमेश कुलकर्णींचा 'विहीर' (२००९) हा सिनेमा अमराठी शेजाऱ्यांना दाखवायचा आहे. त्यांचाच 'वळू' सगळ्यांना ठाऊक, हा मात्र मागेच राहिला; खरं तर ताकद यात जास्त. पण शांततेवर पेललेला सिनेमा, एक ओळ चुकीच्या जागी पडली तरी खटकते.

व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमचा (चित्रांचा), एसआरटी (सबटायटल्सची फाइल) २४वर बेतलेली. सुरुवातीला जुळतं, तासाभरात ओळी जवळपास अडीच मिनिटं मागे पडतात. नुसतं सरकवून भागत नाही, म्हणून सगळे टाइमकोड (प्रत्येक ओळ दिसण्याच्या वेळा) ०.९६ने (२४ ÷ २५) गुणले. आता मध्यंतरापर्यंत चोख, पुढे मात्र प्रत्येक ओळ चार सेकंद उशिरा. व्हिडिओतून मध्यंतराची पाटी कापलेली असावी का? 'सबटायटल एडिट' या सॉफ्टवेअरमध्ये फक्त पुढचाच भाग कसा सरकवायचा? आणि जाहीर खेळाची परवानगी निर्मात्याकडे मागायची की वितरकाकडे?