[मंडळ] स्वागतपत्रिका, पान ३ : लोकसंख्या नक्की कुठली छापायची? उद्या रात्रीपर्यंत कळवा

प्रेषक : मंजिरी

मंडळी, नमस्कार.

नवीन आलेल्यांसाठीच्या पत्रिकेची फाइल शुक्रवारी सकाळी प्रिंटरकडे जायला हवी, नाहीतर गणपतीला पत्रिका हातात येणार नाही. अडलंय फक्त पान ३. तिथे आपल्या कोलंबसची (इंडियाना) लोकसंख्या ४४,०६१ आहे, म्हणजे २०१० च्या जनगणनेची. मी ती बदलून २०२० ची ५०,४७४ केली. लगेच सुहासकाकांचा फोन आला, ८२,२०८ छाप. तो आकडा अख्ख्या बार्थोलोम्यू काउंटीचा, म्हणजे आपल्या जिल्ह्याचा आहे. शेजारी नकाशा असल्यामुळे ओळीत एकच आकडा मावतो. कुठला ठेवू? कृपया एकच सांगा.

प्रेषक : सुहासकाका

मंजिरी, फोनवर घाईत बोलणं झालं, म्हणून इथे लिहितो. पुण्याहून येणारा मुलगा 'कोलंबस' शोधतो आणि त्याला आधी ओहायोचं नऊ लाखांचं कोलंबस दिसतं. मग आपलं पन्नास हजारांचं पाहिलं की तो हिरमुसतो. त्याला कळायला हवं की हे काउंटीचं मुख्य ठिकाण आहे. कोर्ट इथे, काउंटीची कार्यालयं इथे, होप आणि टेलर्सव्हिलची माणसं कामाला आणि बाजाराला इथेच येतात. शिवाय गाव वाढतंय. २००० साली शहर ३९,०५९ होतं. वीस वर्षांत अकरा हजारांहून जास्त माणसं वाढली, त्यात आपलीही बरीच. इथल्या कमिन्स या इंजिन कंपनीचं पुण्याशी नातं १९६२ पासूनचं, किर्लोस्कर कमिन्सच्या वेळचं. हे पानावर यायलाच हवं.

आणि एक. पत्रिकेचा मूळ मसुदा आमच्या समितीने केला होता. आकडे बदलण्याआधी एकदा विचारायला हवं होतं.

प्रेषक : अभिजित

काका, काउंटीचा आकडा छापलात तर आम्ही सीमोरवाले कुठे जायचं? आम्ही जॅक्सन काउंटीत. आमच्याकडे सीमोर मोठं, पण मुख्य ठिकाणाचा मान ब्राउन्सटाउनला. ग्रीनवुडची मंडळी जॉन्सन काउंटीतली, त्यांचं कोर्ट फ्रँकलिनला. वर्गणी सगळे सारखीच भरतो, कार्यक्रमाला खुर्च्या लावायलाही येतो. मागच्या पत्रिकेच्या नकाशात सीमोर खालून कापलं गेलं होतं, ते तेव्हाही मी सांगितलं होतं. माझं मत : शहराचा आकडा ठेवा, आणि मंडळ चार गावांचं आहे हे स्पष्ट लिहा.

प्रेषक : वर्षा

आकड्याचं ठरेल तसं ठरू दे. मला नकाशाची जास्त काळजी वाटते, त्यात हॉ क्रीकच नाही!

नवीन आलेल्यांना गावाच्या पश्चिमेची नदी दिसते. ईशान्येकडून फ्लॅटरॉक येते, वायव्येकडून ड्रिफ्टवुड, आणि मिल रेस पार्कजवळ दोघी मिळून व्हाइट रिव्हरचा ईस्ट फोर्क होतो. हे पाहून लोक पूर्वेला निर्धास्त घर घेतात. पण ७ जून २००८ ला पाणी शिरलं ते पूर्वेच्या हॉ क्रीकमधून. एरवी त्या ओढ्यात पावलं जेमतेम बुडतात. त्या शनिवारी आमच्या पार्किंगमध्ये दुपारी घोट्यापर्यंत पाणी होतं, आणि अंधार पडेपर्यंत गाड्यांच्या काचांना लागलं. शेजारच्या आजींना आम्ही दोघांनी खुर्चीत बसवून वरच्या मजल्यावर नेलं. सतराव्या रस्त्यावरच्या रुग्णालयाचं तळघर भरलं आणि सगळे रुग्ण हलवावे लागले. ते पुढे कित्येक महिने बंद होतं.

भाडेकरूंचा नेहमीचा विमा पुराचं नुकसान भरून देत नाही, पुराचा वेगळा घ्यावा लागतो. हे वाक्य पत्रिकेत ठळक टाका. लोकसंख्येची ओळ काढावी लागली तरी चालेल.

प्रेषक : नितीन

वर्षाताईंना पूर्ण अनुमोदन.

पान २ सुद्धा कोणीतरी वाचा. टिप्टन लेक्सहून गावात येताना 'रेल्वे फाटकासाठी वेळ हाताशी ठेवा' असं अजून छापलंय. तिथे केव्हाच रुळांवरून पूल झाला. त्याच्या खालीच 'भारताशी वर्षभर साडेदहा तासांचा फरक' आहे. उन्हाळ्यात साडेनऊ असतो. नवीन माणूस घरी भलत्या वेळी फोन लावेल.

प्रेषक : सुहासकाका

नितीन, ते वाक्य लिहिलं तेव्हा अगदी बरोबर होतं. २००६ पर्यंत इंडियानाच्या बहुतेक भागात घड्याळ पुढेमागे करतच नव्हते. वर्षभर साडेदहा तास, आईला रविवारी सकाळचा फोन ठरलेल्या वेळी. मला तीच पद्धत बरी वाटायची. आता बदला, पण जुन्या समितीने चूक छापली असं कोणी समजू नये.

प्रेषक : शुभदा

काकांनी कोर्टाचा उल्लेख केला म्हणून सुचवते. १८७४ च्या त्या इमारतीशेजारी सैनिकांचं स्मारक आहे, चुनखडीचे पंचवीस उंच खांब. आतल्या खांबांवर सैनिकांनी घरी लिहिलेली पत्रं कोरली आहेत. माझे बाबा आले होते तेव्हा प्रत्येक खांबापाशी थांबले, चश्मा वर करून बोटाने ओळी लावत वाचत होते. इथे आईवडील आले की आपण त्यांना थेट शिकागोला नेतो. पान ३ वर याची एक ओळ हवीच.

प्रेषक : मंजिरी

सगळ्यांचे आभार. नकाशा थोडा लहान करून दोन ओळी बसवते : 'शहर ५०,४७४, बार्थोलोम्यू काउंटी ८२,२०८ (जनगणना २०२०)'. काका, जुन्या समितीचं नाव मागच्या पानावर राहील आणि १९६२ चं वाक्यही येईल. त्याखाली सीमोर, ग्रीनवुड, फ्रँकलिन. पुराच्या विम्याचं वाक्य चौकटीत. शुभदा, स्मारकाची ओळ वीस शब्दांत लिहून पाठव. पान २ नितीन दुरुस्त करतोय.

हॉ क्रीक नकाशात घालायचा तर मूळ फाइल हवी, माझ्याकडे फक्त पीडीएफ आहे. कोणाकडे आहे?

प्रेषक : अभिजित

माझ्याकडे आहे. आज रात्री मुलं झोपली की बसतो. सीमोर आणि ब्राउन्सटाउन दोन्ही आत घेतो.

वर्षाताई, तुमची तेव्हाची बिल्डिंग सतराव्या रस्त्याच्या उत्तरेला होती की दक्षिणेला? पाणी कुठवर आलं होतं तेवढा भाग वेगळ्या रंगात दाखवावा म्हणतो.