मदत हवी आहे: फिनलंडमधलं केरिमॅकीचं लाकडी चर्च
जुलैमध्ये आई-बाबांना घेऊन केरिमॅकीला जायचा विचार आहे. १८४७ मध्ये बांधून पूर्ण झालेलं हे चर्च जगातल्या सर्वांत मोठ्या लाकडी चर्चपैकी एक. बाकांवरच ३,००० हून जास्त माणसं बसतात, तेही एवढ्याशा गावात! (मापात गफलत झाल्याची दंतकथा सांगू नका, ती ऐकून झालीय.) हेलसिंकीहून पारिक्कालाला गाडी बदलून सावोनलिन्नापर्यंत रेल्वेने पोहोचू. पुढचे वीसेक किलोमीटर कसे जायचे? रविवारी बस असते, की टॅक्सी आधीच सांगून ठेवावी?

आणखी एक, वरच्या गॅलरीत जाऊ देतात का? जिना चढा आहे का? बाबांचे गुडघे कुरकुरतात, पण छताखालच्या आडव्या तुळया त्यांना जवळून बघायच्याच आहेत. सुतारकामाचं वेड, दुसरं काय! कोणी अलीकडे जाऊन आलं असेल तर कृपया सांगा.