घराच्या चढावर ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा लुकलुकतो आणि गाडी दम सोडते, बटण बंद करू का?

गडग्यापलीकडची
नमस्कार मंडळी. आमचं घर गुहागरजवळ वाडीत खाली आहे, रस्त्यापासून घरापर्यंत शंभरेक फुटांचा जांभ्या चिऱ्यांचा उतार, म्हणजे बाहेर पडताना चढच. डाव्या अंगाला गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेने पावसात नुसतं शेवाळ, उजवीकडे पट्टा काँक्रीटचा आहे तो बरा. गाडी पेट्रोल, पुढच्या चाकांवर चालणारी, तीन वर्षांची. परवा आईला डॉक्टरकडे न्यायचं होतं, मागे आई आणि काका, डिकीत नारळाची दोन पोती. अर्ध्या चढावर डावं चाक गरगरलं, ट्रॅक्शन कंट्रोलचा (चाक जागीच फिरू न देणारी यंत्रणा), घसरणाऱ्या गाडीच्या चित्राचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला, खालून कर्र कर्र आवाज, आणि मी अ‍ॅक्सिलरेटर दाबतेय तरी इंजिन उठेचना. शेवटी हळूहळू मागे खाली आले, आई जाम घाबरली. भाचा म्हणतो त्याचं बटण बंद कर आणि रेस दे, एक गॅरेजवाला म्हणतो सेन्सर बदलावा लागेल. गणपतीला सगळे मुंबईहून येतील, ह्याच चढावरून जा-ये होणार, म्हणून आत नक्की काय होतं ते समजून घ्यायचंय.

चिपळूणचा मिस्त्री
ताई, सेन्सर लगेच बदलू नका. दिवा लुकलुकतोय म्हणजे सिस्टीम काम करतेय. बिघाड असता तर दिवा कायम पेटून राहिला असता, बहुतेक वेळा सोबत एबीएसचाही (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा).

आता आतलं सांगतो. प्रत्येक चाकापाशी एबीएसचा स्पीड सेन्सर असतो, ट्रॅक्शन कंट्रोल तेच सेन्सर आणि एबीएसचाच ब्रेकचा पंप वापरतं, वेगळं फार काही नसतं. पुढचं एखादं चाक मागच्या चाकांपेक्षा खूप जास्त फिरायला लागलं की कॉम्प्युटरला कळतं हे जागच्या जागी फिरतंय. मग तो दोन गोष्टी करतो, इंजिनची ताकद कमी करतो (तुमचा पाय खाली असला तरी थ्रॉटल तोच मिटवतो) आणि फिरणाऱ्या चाकाला एकट्याला ब्रेक मारतो. तो कर्र कर्र आवाज पंपाचा.

ब्रेक का, तर डिफरन्शिअलमुळे, म्हणजे इंजिनचा जोर डाव्या-उजव्या चाकांत वाटणाऱ्या गिअरांमुळे. साधं डिफरन्शिअल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. समजा शेवाळावरचं चाक 30 जोर पेलतं आणि काँक्रीटवरचं 300 पेलू शकतं, तरी काँक्रीटवाल्याला पण 30च मिळणार, एकूण 60, तेवढ्यात गाडी चढत नाही. आता शेवाळावाल्या चाकाला 150चा ब्रेक लागला की त्या बाजूला 180 जोर लागतो, मग पलीकडच्यालाही 180 मिळतो आणि रस्त्यावर एकूण 210 पडतो. आकडे समजण्यापुरते आहेत पण हिशोब हाच. म्हणून भाच्याचं ऐकून तुमच्या चढावर बटण बंद केलंत तर बऱ्याच गाड्यांत हा ब्रेकचा आधारही जातो, शेवाळावरचं चाक नुसतं फिरत राहील आणि गाडी आडवी होऊन गडग्याला लागेल ती वेगळीच.

आणि टायर बघा. ग्रीप देतो टायर, कॉम्प्युटर आहे तेवढी नीट वापरतो एवढंच. कायद्याने 1.6 मिमी नक्षी लागते, आपल्या पावसात मी 3च्या खाली गेला की बदलायला सांगतो. पुढचे दोन एकाच मापाचे, सारखे झिजलेले हवेत, नाहीतर सिस्टीम उगाच गोंधळते.

दर्याकाठ
भाचा पूर्ण चुकलेला नाही हां. वाळूत किंवा खोल चिखलात दोन्ही चाकं घसरतात, तिथे सिस्टीम इंजिन दाबत बसते आणि गाडी जागची हलत नाही, त्या वेळी बंद करून, चाकं सरळ ठेवून, हळू रेसवर बाहेर काढायची आणि डांबरावर आलात की लगेच चालू करायची. मात्र ह्यासाठी किनाऱ्यावर गाड्या घालू नका रे कोणी, गुहागर, आंजर्ले, वेळासला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, चाकाखाली घरटं गेलं तर गेलंच.

कुंभार्लीचा जुना ड्रायव्हर
चढावर वजन मागे सरकतं, त्यात तुम्ही मागे माणसं आणि पोती ठेवलीत, म्हणजे ओढणारी पुढची चाकं हलकी झाली, घसरणारच. पोती वेगळी न्या. अर्ध्यावर थांबू नका, खालून पहिल्याच गिअरमध्ये एकसारख्या हलक्या रेसवर चढा, चाक गरगरलं की पाय थोडा उचला, दाबू नका. आमच्या वेळी अशा ठिकाणी पुढच्या चाकांची गाडी रिव्हर्समध्ये चढवायचो, कारण मग ओढणारी चाकं उताराकडे येतात आणि वजन त्यांच्यावर पडतं. मागे माणूस उभा करून, हळू. मुळात ते शेवाळ काढा, फावड्याने खरवडून ब्लीचिंग पावडर टाका, दोन-तीन दिवस उघडीप मिळाली की काम होतं.

गडग्यापलीकडची
सगळ्यांचे मनापासून आभार. काल उघडीप होती, आम्ही तिघांनी डावी कड खरवडली, पावडर टाकली. आज पोती न घेता, मागे एकटी आई, पहिल्या गिअरमध्ये गेले. दिवा एकदाच लुकलुकला, मी पाय उचलला, गाडी वर. टायर मोजले तर पुढच्या डाव्याला जेमतेम 2 मिमी, दोन्ही पुढचे बदलायला टाकलेत. मिस्त्रीकाका, नवे टायर पुढेच बसवू की मागे? इथे दोन माणसं दोन सांगतात.

चिपळूणचा मिस्त्री
एकच जोडी नवी घेताय तर कंपन्या मागे बसवा म्हणतात, पावसात मागचं टोक सुटू नये म्हणून, आणि ते बरोबर आहे. पण मागचे तुमचे किती मिमी आहेत ते मोजून आधी सांगा. चांगले असले तर ते पुढे घ्या, चढही निघेल.