गॅस दिल्यावर जनावर काही शिकतं का?

धरमपेठकर: मागच्या महिन्यात माझ्या कुत्र्याचा, मोतीचा, दात काढला. मास्क लावून आयसोफ्लुरेन, म्हणजे भुलीचा गॅस, दिलं. तेव्हापासून रबरी काही दिसलं की तो दिवाणाखाली, आणि फाटकाची कडी वाजली की जागच्या जागी थिजतो. डॉक्टर म्हणतात, गॅसमध्ये काही लक्षात राहत नाही. माझं मत, राहतं. बेशुद्ध म्हणजे कोरी पाटी, हे आपल्या सोयीचं आहे.

तर्रीवाला: काऊन डॉक्टरवर ढकलून राहिले भाऊ? उंदरांवर हे तपासून झालंय. आवाज वाजवायचा, पायाला शॉक द्यायचा, पुढे कधी तोच आवाज ऐकून उंदीर थिजतो का ते पाहायचं. शॉकच्या वेळी गॅस पुरेसा असेल तर थिजत नाही. मोती शिकला, पण गॅसच्या आधी. रबराचा वास, तुम्ही दाबून धरलेली मान.

धरमपेठकर: मग गॅसनं ते पुसलं काऊन नाही?

तर्रीवाला: मागचं पुसत नाहीच तो. 2002 साली उंदरांना आधी शिकवून मग आयसोफ्लुरेन दिलं, भीती कायम होती. पुढचं दार बंद होतं, एवढंच.

सेमिनरी हिल्स: दार एका झटक्यात बंद होत नाही पण. 'मॅक' म्हणजे फुप्फुसातलं गॅसचं असं प्रमाण, की निम्मी जनावरं चिमटा घेतला तरी हलत नाहीत. उंदरांत शॉक बसला त्या जागेची भीती शिकणं साधारण पाव मॅकला बंद पडतं, आवाजाची भीती शिकणं जवळपास अर्ध्या मॅकला. जागेसाठी मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग लागतो, आवाजाचं काम अमिग्डाला या दुसऱ्या भागावर भागतं. म्हणजे गॅस उतरताना जागा मनात बसणार नाही, पण खणखणाट बसू शकतो.

तर्रीवाला: उंदराचं गणित कुत्र्याला? आणि ऑपरेशनला तर एक मॅकच्या वर गॅस असतो.

सेमिनरी हिल्स: म्हणूनच ऑपरेशनमधलं नाही, उठतानाचं म्हणून राहिलो. गॅस खाली येताना अर्ध्या-पावच्या पट्ट्यातूनच येतो न.

धरमपेठकर: हेच! उठताना पिंजऱ्याची कडी घातली आणि तो केकाटला. तोंड ठणकत असणार. मास्कचं मान्य, कडीचं उत्तर द्या.

तर्रीवाला: तेव्हा तो पूर्ण शुद्धीवर नव्हता कशावरून? डोळे उघडे होते का?

धरमपेठकर: ते नाही पाहिलं. मी बाहेर टपरीवर चहा पिऊन राहिलो होतो. आवाज तिथवर आला.

तर्रीवाला: घ्या! साक्षीदार टपरीवर.